या गॅसला वास नसतो

श्रावणापासून आमच्या घरात देवापुढचा दिवा बायको लावते. लग्न झाल्यापासून ते काम माझं होतं. आता मी काडेपेटी हातात घेतो आणि तशीच ओट्यावर ठेवून देतो. मग सुमन पदराला हात पुसत येते आणि दिवा लावून जाते. चौसष्ट वर्षांचा बाप्या काडी ओढायला घाबरतो, याचा मलाच अजून अचंबा वाटतो.

संपादकांनी लिहायला सांगितलं ते असं, "मिस्तरी, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती येऊ द्या. दिवाळीचा अंक आहे, हलकंफुलकं असू द्या." गमती आहेत, त्या सांगतोच. पण या पावसाळ्यात वाळूजच्या एका शेडमध्ये जे झालं ते बाजूला सारून लिहायला बसलो, तर चार दिवस कागद कोराच राहिला. तेव्हा गमतीवरून सुरुवात करतो आणि तिथं येतो.

मी रेफ्रिजरेशनचा मिस्तरी. राहायला बजाजनगरात. फ्रीज, एसी, शीतगृहं, बर्फाचे कारखाने सगळं केलं, पण शहरात माझं नाव झालं ते लाकूड वाळवायच्या भट्ट्यांमुळं. 'भट्टी' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जाळ आला असेल. आमच्या भट्टीत जाळ नसतो. असते एक मोठी बंद खोली, भिंतींना जाड इन्सुलेशन आणि आत लाकडाच्या फळ्यांची थप्पी. दोन फळ्यांच्या मध्ये हवा खेळावी म्हणून बारीक पट्ट्या घातलेल्या असतात. पंखे ती दमट हवा ओढून तांब्याच्या नळ्यांच्या एका गार कॉइलवर सोडतात. उन्हाळ्यात माठातल्या पाण्यानं भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसा त्या कॉइलला फुटतो. ते पाणी नळीवाटे बाहेर बादलीत पडतं. कोरडी झालेली हवा मग गरम कॉइलवरून परत लाकडाकडं जाते आणि आणखी ओल घेऊन येते. गार आणि गरम, दोन्ही कॉइलमधून एकच गॅस फिरत असतो आणि त्याला फिरवायचं काम कॉम्प्रेसर करतो. एवढंच आहे सगळं. फ्रीज थंडावा ठेवतो आणि उष्णता मागं फेकून देतो. आम्ही काहीच फेकत नाही.

पहिली भट्टी चालू केली तेव्हाची गोष्ट. लाकडाचे जुने व्यापारी होते, साठी ओलांडलेले. लाकूड उन्हात वर्षभर ठेवून वाळवायची त्यांची पद्धत. सकाळी येऊन बघतात तर बादल्या भरून पाणी. त्यांनी मला हाताला धरून मागच्या बाजूला नेलं आणि म्हणाले, "मिस्तरी, खरं सांगा, नळाचा पाइप कुठं जोडलाय?" मी शपथा घेतल्या. त्यांचा विश्वास बसेना. शेवटी त्यांनी बादलीत बोट बुडवून चाखलं. तोंड वेडंवाकडं झालं. लाकडाचं पाणी आंबट-तुरट असतं आणि रंगानं पातळ चहासारखं. "आयला," ते म्हणाले, "म्हंजी आजवर मी लोकांना पाणीच इकलं की!" त्यांचा तो थक्क झालेला चेहरा माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी कमाई आहे.

दुसरा नमुना लासूर स्टेशनचा. पावसात मिरच्या भिजल्या म्हणून या गृहस्थांनी फळ्या बाहेर काढून भट्टीत मिरच्या पसरल्या. मला फोन आला की मशीन खोकतंय. मशीन कुठलं खोकणार, दार उघडलं तर आम्ही सगळे खोकायला लागलो. कॉइलच्या पात्यांमध्ये मिरचीचं बी जाऊन बसलं होतं. पुढं दोन महिने त्या भट्टीतनं निघालेल्या चौकटी बसवणारे सुतार डोळे पुसत काम करत होते. मी तिथं इतका चिडलो होतो की जेवायला थांबा म्हणाले तरी थांबलो नाही. ताटात ठेचा असणार हे उघड होतं.

हा धंदा मला शिकवला करीम उस्तादांनी. शहागंजात त्यांचं छोटं दुकान होतं. वायर कशी कापायची हे शिकवायच्या आधी त्यांनी मला एक वाक्य पाठ करायला लावलं. "पहले नाक, फिर कान, आखिर में हाथ." आधी वास घे, मग ऐक, मगच हात लाव. जळालेला कॉम्प्रेसर नाकाला कळतो, त्याच्या तेलाला करपट वास येतो. बेअरिंग कानाला कळतं. उस्ताद गेले तेव्हा त्यांच्या मुलानं मला त्यांचा हॅलाइड दिवा आणून दिला. पितळेचा, हातभर नळीचा, स्पिरिटवर पेटणारा. गॅस कुठून गळतोय ते शोधायचं जुनं साधन. नळीचं तोंड कॉइलवरून फिरवायचं. जिथं गळती असेल तिथला गॅस नळीतनं ओढला जातो आणि निळी ज्योत हिरवीगार होते. आम्ही यंत्रात भरतो तो बावीस नंबरचा गॅस स्वतः पेटत नाही, म्हणून त्याच्याजवळ ज्योत नेता येते. माझ्या मुलानं मला गळती सापडली की शिट्टी वाजवणारं नवं यंत्र घेऊन दिलं होतं. ते कपाटात पडून होतं. उस्तादांचा दिवा असताना शिट्ट्या कशाला ऐकायच्या, असा माझा तोरा.

आता एक गोष्ट कबूल करतो, जी मी सुमनशिवाय कुणालाच सांगितली नव्हती. करोनात माझं नाक गेलं. चव परत आली, वास आला नाही. दूध करपलं तरी कळत नाही, उदबत्ती लागलीय की विझलीय ते बघावं लागतं. गिऱ्हाइकांना हे सांगणं म्हणजे गवयानं घसा बसल्याचं जाहीर करणं. मी गप्प राहिलो. कॉम्प्रेसर उघडला की सवयीनं नाकाजवळ न्यायचो, डोळे मिटायचो, मान हलवायचो. समोरचा माणूस दबून जायचा. झाकली मूठ होती, ती मी पाच वर्षं झाकून ठेवली.

वाळूजची ती भट्टी बाळासाहेबांची. मूळचे पिशोरचे. घरची शेती भाऊ बघतो, हे इथं मशिनरी पाठवायच्या लाकडी खोक्यांचा आणि पॅलेटचा कारखाना चालवतात. माणूस सरळ, आज्ञाधारक म्हणावा असा. मी 'ऊठ' म्हटलं तर उठेल, 'बस' म्हटलं तर बसेल. आणि भट्टी सांभाळायला मंगलताई साळवे. पंचेचाळिशीच्या, बोलणं कमी, काम चोख. थप्पी लावायची, बादल्या रिकाम्या करायच्या आणि प्रत्येक बादलीमागं भिंतीवर खडूनं एक रेघ ओढायची, हे त्यांचं काम. त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना व्रण आहे. मी तो कितीदा पाहिला, पण कधी विचारलं नाही.

त्या भट्टीत बाभळीचं लाकूड जास्त. बाभळीची वाफ आंबट असते, ती तांब्याची नळी हळूहळू खाते. वैशाखात बाळासाहेबांचा फोन आला की पाणी कमी झालंय. मी तेव्हा पिशोरलाच होतो, भाचीच्या लग्नात. मांडवात बँड वाजत होता. मी एका कानात बोट घालून त्यांना सांगितलं की गॅस कमी झाला असेल, जवळपासच्या कुणाकडूनही भरून घ्या, मी आलो की गळती शोधतो. ते म्हणाले, कोणता गॅस? मी सांगितलं आणि फोन ठेवला. मी नेमकं काय सांगितलं ते पुढं येईल. लग्नाहून आलो तर एसीचा हंगाम ऐन भरात. गळती शोधायची राहून गेली. बाळासाहेबांचाही फोन आला नाही, म्हणजे भट्टी बरी चालली असणार, असं मी धरून चाललो.

श्रावणात फोन आला, "मिस्तरी, पानीच येईना."

मी सकाळी दहाच्या सुमारास पोचलो. बाळासाहेब बँकेच्या कामाला शहरात गेले होते. आवारात मंगलताई आणि करवतीवरची पाच माणसं होती. मी धरून सात. हा आकडा मी नंतर इतक्या वेळा मोजलाय की विसरणं शक्य नाही.

भिंतीवरच्या रेघा आधी पाहिल्या. दुखणं कुठल्या तारखेला सुरू झालं ते मला यंत्रापेक्षा त्या रेघाच नीट सांगतात. वैशाखात गॅस भरल्यावर दिवसाला सहा-सात, मग पाच, मग तीन आणि गेले चार दिवस एखादीच. मी मंगलताईंना म्हटलं, "गॅस गळतोय, दुसरं काही नाही."

त्या म्हणाल्या, "व्हय काका, गळूच राह्यलाय. आत गॅसचा वास येऊ राह्यला."

मी हसलो. मला ते हसू आज आठवलं की कानशील तापतं. मी म्हटलं, "ताई, या गॅसला वास नसतो."

"येतुय काका. चार दिवसांपासून येतुय. मालकाला बी सांगितलं मी. ते म्हणले, गॅस कमी व्हायलाय म्हून मिस्तरीला बोलवलंय."

"तो लाकडाचा वास असेल. बाभूळ आंबट मारते. आमच्या गॅसला रंग नाही, वास नाही. आयुष्य गेलं माझं याच्यात."

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. मी त्यांना पाच मिनिटं व्याख्यान दिलं. बावीस नंबर म्हणजे काय, तो का पेटत नाही, तो किती सभ्य गॅस आहे. करवतीवरचे दोघं काम थांबवून ऐकत होते, म्हणून मलाही चेव आला. मंगलताईंनी ऐकून घेतलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या थप्पीकडं निघून गेल्या.

भट्टी बंद केली आणि बाजूच्या मशीनच्या खोलीत दाब मोजायचे गेज लावले. कॉम्प्रेसर आणि विजेचं सगळं सामान त्या खोलीत, भिंतीपलीकडं आहे. आम्ही आज जिवंत आहोत त्यात या भिंतीचाही वाटा आहे. गेजचा काटा पाहिला, बावीस नंबरच्या तक्त्याशी ताडून बघितला. दाब फार कमी. म्हणजे गॅस जवळजवळ संपलेला. पण नळीवर एक छोटी काच असते, तिच्यातून गॅस द्रवरूपात वाहताना दिसतो. गॅस कमी असला की तिच्यात बुडबुडे दिसायला हवेत. इथं मशीन बंद करायच्या आधी मी पाहिलं होतं, काच गच्च भरलेली होती. काटा म्हणतो गॅस नाही, काच म्हणते आहे. दोन साक्षीदारांचं जमत नसेल तर तिसरंच काही असतं, हे मीच पोरांना शिकवत आलोय. त्या दिवशी मी म्हटलं, गेज जुना झाला. अंगठ्यानं त्याच्या काचेवर दोनदा टिचकी मारली आणि पुढच्या कामाला लागलो.

मग भट्टीच्या आत गेलो. मोठं दार लोटलेलंच ठेवलं, कारण हॅलाइड दिव्याची ज्योत वाऱ्यावर हलली तर रंग कळत नाही. आत दमट इतकं होतं की चष्म्यावर वाफ धरली. पावसाळा, त्यात चार दिवस पाणी न ओढलेली खोली, ओली बाभूळ. तासभर मी कॉइलची पाती ब्रशनं साफ करत होतो. शर्ट अंगाला चिकटला. काडेपेटी त्याच शर्टाच्या खिशात होती.

दिवा काढला. पितळ पुसलं. स्पिरिट भरलं. उस्तादांची आठवण म्हणून पेटवायच्या आधी मी नेहमी त्याला कपाळ लावतो, तसं लावलं. 'पहले नाक' हे त्यांचं वाक्यही मनात आलं. देवाशप्पथ सांगतो, आलं. मी सवयीनं नाक फुलवून श्वास घेतला, डोळे मिटले, मान हलवली. समोर बघायला कुणी नव्हतं तरी हलवली.

काडी ओढली. पेटली नाही. गूल मऊ पडला होता, तो काडेपेटीच्या कडेला फासला गेला. दुसरी ओढली. तिचंही तेच. मी वैतागून तिसरी काढली, तिचं टोक केसांत फिरवून कोरडं केलं आणि काडेपेटी उलटी करून कोरी बाजू वर घेतली.

तेवढ्यात दार ढकलल्याचा आवाज झाला. मंगलताई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांच्या हातातला पेला खाली पडला. फुटल्याचा आवाज मी ऐकला, वळून बघेपर्यंत त्या माझ्यापर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी माझं मनगट इतकं आवळलं की काडी आपोआप गळून पडली.

"काडी वढू नका! काका, वढू नका!"

मला राग आला. खरंच राग आला. एक बाई माझा हात धरते म्हणजे काय! मी म्हटलं, "अहो ताई, सांगितलं ना, या गॅसला—"

"मला शिकवू नका गॅसचा वास," त्या ओरडल्या आणि त्यांनी तो भाजलेला हात माझ्या चष्म्यासमोर धरला. "ह्यो वास हाय ह्यो! घरातला! सिलिंडरचा! माझी जाऊ गेली ह्या वासात, मी हात घेऊन वाचले. चला भाईर!"

सिलिंडर. तो शब्द कानात पडला आणि माझ्या डोक्यात काच आणि काटा एका क्षणात जुळले. बावीस नंबरच्या तक्त्यावर दाब कमी दिसत होता, कारण आत बावीस नंबर नव्हताच. काच भरलेली होती, कारण नळ्यांत अजून भरपूर गॅस होता, पण दुसरा. स्वयंपाकाचा. तो गळत होता, हवेपेक्षा जड असल्यामुळं खाली साठत होता, फळ्याफळ्यांच्या फटीत जाऊन बसत होता आणि मी त्याच्यात उभा राहून काड्या ओढत होतो.

मंगलताईंनी मला दंडाला धरून बाहेर आणलं, त्यांनीच करवतीवरच्या माणसांना हाका मारून फाटकाबाहेर काढलं, बिड्या विझवायला लावल्या. एक जण दिव्याचं बटण बंद करायला धावला तेव्हा मात्र मला कंठ फुटला. "बटणाला हात लावू नका, ठिणगी पडते!" असं मी ओरडलो. वीज बाहेरच्या खांबावरून तोडली, मग भट्टीची दोन्ही दारं दोर बांधून लांबून ओढून उघडली. आम्ही रस्त्यापलीकडं लिंबाच्या झाडाखाली बसून राहिलो. पाऊस भुरभुरत होता, कुणी आडोशाला गेलं नाही.

बसल्या बसल्या मी खिशातली काडेपेटी काढली. ओली होती. घामानं आणि त्या खोलीतल्या दमट हवेनं सादळलेली. हवा दमट होती, कारण मशीन बिघडलं होतं. मी नीट दुरुस्त केलेली भट्टी असती तर आतली हवा कोरडी ठणठणीत असती आणि पहिलीच काडी पेटली असती. आयुष्यभर मी हवेतली ओल काढली आणि त्या दिवशी ओलीनंच मला वाचवलं.

बाळासाहेब तासाभरानं आले. मी फाटकातच त्यांच्यावर धावून गेलो. "कुणी भरला हा गॅस? कुण्या गाढवानं स्वयंपाकाचा गॅस भरला?"

ते गांगरले. "का हो मिस्तरी? काय झालं?"

"काय झालं? सात माणसं गेली असती! कुणी सांगितलं तुम्हाला हा भरायला?"

बाळासाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्यांची थट्टा करतोय. मग हळूच म्हणाले, "तुम्हीच की."

"मी?"

"व्हय. तुम्ही लग्नात व्हते. मागं ब्यांड वाजत व्हता. मी इचारलं, गॅस कोन्ता? तुम्ही म्हणले, 'घरातलाच गॅस लागतो, दुसरा शोधत बसू नका.' मी म्हटलं, घरातला? तुम्ही म्हणले, 'व्हय, घरातलाच, लई विचार करू नका.' मंग मी घरचा सिलिंडर उचलून आनला. आमच्या मंडळीनं दोन दिस चुलीवर सैपाक केला, मिस्तरी. ती भांडली बी माझ्यासंगं. मी म्हटलं, मिस्तरीनं सांगितलंय."

बावीस नंबरचा गॅस हा घरातल्या एसीतला गॅस. जुन्या एसीत तोच असतो. आम्ही मिस्तरी आपापसात त्याला 'घरातला' म्हणतो आणि शीतगृहातल्या अमोनियाला 'कारखान्यातला'. मला म्हणायचं होतं, घरातल्या एसीतला. मी 'एसी' हा शब्द उच्चारला होता का? बँडमध्ये तो विरून गेला, की मी घाईत तो बोललोच नाही? मी खूप आठवून पाहिलं. आठवत नाही. मला वाटतं, नसेलच बोललो.

तरी मी हट्टानं त्या मिस्तरीला फोन लावला, ज्यानं तो गॅस भरला. फ्रीज दुरुस्त करणारा माणूस, मला नावानं ओळखणारा. म्हटलं, "तुला एवढं कळलं नाही?" तो म्हणाला, "मिस्तरी, नव्या फ्रिजात पन पेटता गॅसच असतो आजकाल." असतो, पण चमच्या-दोन चमच्यांएवढा, इथं किलोंनी भरला होता. मी तसं म्हणताच तो म्हणाला, "मला बी शंका आली व्हती. पन मालकानं तुमचं नाव घेतलं. तुमचं नाव ऐकल्यावर मी कशाला तोंड उघडू?"

इतकी वर्षं मिरवलेलं नाव त्या दिवशी सगळ्यांची तोंडं बंद करायच्या कामी आलं. त्याचं, बाळासाहेबांचं, आणि सकाळी व्याख्यान देऊन मंगलताईंचंसुद्धा.

मी परत लिंबाखाली गेलो. मंगलताई एकट्याच बसल्या होत्या, व्रणावरनं हात फिरवत. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, "ताई, मला वास येत नाही. करोनापासून. कुणाला सांगितलं नव्हतं."

मला वाटलं, त्या संतापतील. त्यांनी व्रणावरचा हात काढला. मग म्हणाल्या, "येत नसंल काका. माणसाचं दुखणं हाय, त्याला काय इलाज. पन मी सकाळी सांगितलं, गॅसचा वास येतुय. तुमाला नव्हता येत, तर एवढंच इचारायचं व्हतं ना, कसला गॅस? कामून नाय इचारलं?"

दोन शब्दांचा प्रश्न होता. वैशाखात बाळासाहेबांनी मला तोच विचारला होता आणि मी धड उत्तर दिलं नाही. श्रावणात मी विचारायला हवा होता, तर मी शिकवत बसलो. 'भट्टी' म्हणतो तिथं जाळ नसतो आणि 'गॅस' म्हणतो तो कुठला ते कुणी विचारत नाही, अशा शब्दांवर आमचा सगळा धंदा चालतो. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

उस्तादांचा दिवा आता शोकेसमध्ये आहे. शिट्टीचं यंत्र कपाटातून पिशवीत आलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी मी त्याच भट्टीवर परत गेलो. काम सोडून द्यावं असं सुमनचं म्हणणं होतं, माझंही जवळजवळ ठरलं होतं. पण ही एक भट्टी माझ्या हातून नीट व्हायलाच हवी होती. आंबट वाफेला न जुमानणारी मुलामा दिलेली नवी कॉइल बसवली. सगळ्या नळ्या रिकाम्या केल्या, निर्वात केल्या, बावीस नंबर भरला. सिलिंडरवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा बाळासाहेबांना वाचायला लावला, मंगलताईंनाही वाचायला लावला. त्या दोघांनी तो मोठ्यानं वाचला. चार दिवसांनी भिंतीवर दिवसाला सहा रेघा दिसायला लागल्या.

थप्पी काढायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. दार उघडलं, यंत्र आत फिरवलं, शिट्टी वाजली नाही. तरी माझा पाय उंबऱ्यातच अडला. सात माणसं होती आवारात, मी मोजली. मग मी मागं वळून हाक मारली, "मंगलताई, जरा आत जाऊन वास घ्या."

त्या हातातला खडू ठेवून आल्या. मला ओलांडून आत गेल्या, थप्पीपाशी वाकल्या, खाली जमिनीजवळ, फळ्यांच्या फटीपाशी. त्यांनी दोनदा श्वास घेतला. मी दाराची कड धरून उभा होतो. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "काय नाय काका. नुसता लाकडाचा येतुय."

मी विचारलं, "कसल्या लाकडाचा?"